ख्रिस्टी रिंग : कॉर्कच्या हर्लिंगची चोवीस वर्षे

आयर्लंडच्या दक्षिणेकडील कॉर्क काउंटीच्या वरिष्ठ संघातून ख्रिस्टी रिंग १९३९ च्या शरदात पहिल्यांदा मैदानात उतरला, तेव्हा युरोपात दुसरे महायुद्ध नुकतेच पेटले होते. १९६३ साली तो कॉर्कच्या लाल पोशाखात अखेरचा खेळला, तेव्हा आयर्लंडमध्ये दूरचित्रवाणी सुरू होऊन दीड-दोन वर्षे झाली होती. या दोन टोकांमधली चोवीस वर्षे म्हणजे नुकत्याच स्वतंत्र झालेल्या, गरिबीशी झगडणाऱ्या आणि आपली तरुण पिढी बोटींनी परदेशी जाताना पाहणाऱ्या एका देशाचा काळ होता, आणि त्या काळात लाखो आयरिश लोकांच्या रविवारांना ज्याने आशय दिला, असा दुसरा खेळाडू दाखवणे कठीण आहे. रिंगने मिळवलेली आठ अखिल आयर्लंड पदके कोणत्याही यादीत सापडतात; परंतु ती मिळाली कशी, आणि ती मिळणे थांबल्यावरही हा माणूस त्याच निष्ठेने खेळत का राहिला, हे यादीतून कळत नाही. त्यासाठी त्याच्या विजयांइतकेच त्याचे पराभव, आणि सामन्यांइतकाच सामन्यांच्या अधेमधे वर्षानुवर्षे चाललेला त्याचा सराव पाहावा लागतो, कारण रिंगचे मोठेपण मूलतः त्या सरावात आहे.

खेळ आणि त्याची संघटना

हर्लिंग हा आयर्लंडचा फार जुना खेळ असून प्राचीन आयरिश वीरकथांतही त्याचे उल्लेख येतात. पंधरा-पंधरा खेळाडूंचे दोन संघ हा खेळ खेळतात. प्रत्येकाच्या हातात ॲश वृक्षाच्या लाकडाची, खालच्या टोकाला वळलेली आणि रुंद, चपटे पाते असलेली काठी असते; तिला ‘हर्ली’ म्हणतात. बुचाच्या गाभ्यावर कातडे शिवून केलेल्या छोट्या, टणक चेंडूला ‘स्लिटर’ असे नाव आहे. भारतीय वाचकाच्या परिचयाच्या हॉकीत चेंडू बहुतांशी जमिनीलगत राहतो, तर हर्लिंगमध्ये तो जमिनीवर मारता येतो, काठीने उचलून हवेत मारता येतो, उंचावरून येताना हातात झेलता येतो आणि काठीच्या पात्यावर तोलत कितीही अंतर धावत नेता येतो. हातात धरून मात्र मोजकीच पावले टाकता येतात. गोलचे खांब इंग्रजी ‘एच’ अक्षरासारखे असतात. आडव्या दांडीखालून चेंडू गेला तर गोल होतो व त्याचे तीन गुण मिळतात, दांडीवरून गेला तर एक गुण मिळतो, आणि धावफलकावर हे दोन्ही आकडे वेगळे लिहिले जातात. म्हणजे ‘२-१४’ याचा अर्थ दोन गोल व चौदा गुण, एकूण वीस. रिंगच्या काळात सामना साठ मिनिटांचा असे आणि डोक्याला कोणतेही संरक्षण न घेता खेळाडू एकमेकांच्या काठ्यांच्या गर्दीत शिरत.

या खेळाचे आधुनिक रूप गेलिक ॲथलेटिक असोसिएशन या संघटनेने घडवले. तिची स्थापना १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपेररी काउंटीतील थर्ल्स या गावी मायकेल क्यूसॅक, मॉरिस डॅव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. ब्रिटिश सत्तेखालील आयर्लंडमध्ये देशी खेळांचे पुनरुज्जीवन करणे हा तिचा हेतू असल्यामुळे ती आरंभापासून राष्ट्रीय चळवळीशी जोडली गेली. तिची रचना पॅरिशवर, म्हणजे एका चर्चच्या कक्षेत येणाऱ्या वस्तीवर, उभी आहे: पॅरिशचा क्लब, क्लबांतून निवडलेला काउंटीचा संघ, आणि मन्स्टर, लेन्स्टर, कॉनॉट व अल्स्टर या चार प्रांतांतून येणाऱ्या संघांत अखेर डब्लिनच्या क्रोक पार्कवर रंगणारा अखिल आयर्लंड अंतिम सामना. या उतरंडीत कोणालाही मानधन मिळत नसे. खेळाडूने जन्माच्या किंवा वास्तव्याच्या काउंटीकडूनच खेळावे, दिवसभर आपला रोजगार करावा आणि संध्याकाळी सराव करावा, अशी ही पद्धत होती. संघटनेच्या सभासदांना क्रिकेट, रग्बी, हॉकी व फुटबॉल (सॉकर) हे ‘परकीय’ खेळ खेळण्यास, इतकेच नव्हे तर पाहण्यासही बंदी होती. ही बंदी इतकी कडक होती की, १९३८ साली फुटबॉलचा एक आंतरराष्ट्रीय सामना पाहण्यास गेल्याबद्दल देशाचे राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड यांना संघटनेने आपल्या आश्रयदात्यांच्या यादीतून वगळले. बंदीचा नियम १९७१ पर्यंत टिकला. रिंगचे सारे खेळाडूजीवन या चौकटीत गेले.

क्लॉइन ते ब्लॅकपूल

ख्रिस्टी रिंगचा जन्म ऑक्टोबर १९२० मध्ये कॉर्कच्या पूर्व भागातील क्लॉइन या गावाजवळ झाला. तेव्हा आयर्लंडचे स्वातंत्र्ययुद्ध सुरू होते आणि कॉर्क हे त्या युद्धाचे एक प्रमुख केंद्र होते. वडील माळीकाम करत. रिंग किशोरवयात असतानाच ते वारले, आणि त्याला शाळा लवकर सोडून मिडलटन या जवळच्या गावातील गॅरेजमध्ये उमेदवारी करावी लागली. पुढे तो कॉर्क शहरात येऊन मालमोटार चालवू लागला आणि नंतर अनेक वर्षे शेल या तेल कंपनीचा टँकर चालवत राहिला. त्याच्या काळातील आयरिश खेळाडूंत शेतकरी होते, कारागीर होते, सरकारी नोकर होते. रिंगचा वर्ग चालक-कामगाराचा होता, आणि अखेरपर्यंत त्याची रोजी-रोटी त्याच कामावर चालली.

क्लॉइनमध्ये त्याचा खेळ घडला आणि १९३८ साली अठरा वर्षांखालील मुलांच्या अखिल आयर्लंड स्पर्धेत कॉर्कच्या विजयी संघात तो चमकला. पुढच्याच वर्षी नॅशनल लीग या साखळी स्पर्धेत त्याला वरिष्ठ संघात जागा मिळाली. १९४१ मध्ये त्याने कॉर्क शहराच्या उत्तरेकडील ब्लॅकपूल या कष्टकऱ्यांच्या वस्तीतील ग्लेन रोव्हर्स क्लबात प्रवेश केला. त्या वर्षी ग्लेन रोव्हर्सने कॉर्क काउंटीचे क्लब अजिंक्यपद सलग आठव्यांदा जिंकले. जॅक लिंच हा त्या क्लबाचा मोठा खेळाडू पुढे देशाचा पंतप्रधान झाला. या क्लबाच्या शिस्तीत रिंगचा स्वभाव चपखल बसला. मध्यम उंची, भरीव बांधा, विलक्षण ताकदीची मनगटे आणि डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी सारख्याच सफाईने चेंडू मारण्याची क्षमता हे त्याचे शारीरिक भांडवल होते. मितभाषी, धर्मनिष्ठ आणि मद्यापासून दूर राहणारा हा तरुण कामाच्या मधल्या सुटीतही हर्ली हाती घेत असे, ही गोष्ट त्याच्या समकालीनांच्या आठवणींत पुन्हा पुन्हा येते. चेंडू कोणत्या कोनातून आला असता मनगट किती वळवावे, धावताना काठीवरचा चेंडू न पाहता कसा तोलावा, ओल्या गवतावर चेंडू किती घसरतो, अशा बारीक प्रश्नांची उत्तरे शोधण्यात त्याने आयुष्याचा मोठा भाग घालवला. घराण्याचा गवय्या रोजचा रियाज चुकवत नाही, त्याच वृत्तीने तो हर्लिंगकडे पाहत होता.

युद्धकाळातील चार अजिंक्यपदे

१९४० साली कॉर्कला मन्स्टर प्रांताच्या अंतिम फेरीत लिमरिकने फेरसामन्यात हरवले. लिमरिकचा कर्णधार मिक मॅकी हा त्या दशकातील सर्वश्रेष्ठ खेळाडू मानला जाई; चेंडू काठीवर घेऊन बचावफळी फोडत धावणे ही त्याची खासियत होती. तरुण रिंगपुढे मापदंड होता तो मॅकीचाच, आणि पुढील दोन पिढ्यांत या दोघांची तुलना हा आयरिश घरांतील न संपणारा विषय होऊन बसला.

आयर्लंडने महायुद्धात तटस्थ राहण्याचे ठरवले होते आणि त्या काळाला तेथे ‘आणीबाणी’ असेच म्हटले जाई. पेट्रोल व कोळसा दुर्मीळ झाल्यामुळे खासगी मोटारी बंद पडल्या आणि रेल्वेगाड्या तुरळक धावू लागल्या. १९४१ मध्ये गुरांच्या लाळ्या-खुरकुताच्या साथीने त्यात भर घातली. टिपेररी व किल्केनी या काउंट्यांत साथीचा जोर असल्याने त्यांच्या संघांना स्पर्धेत पुढे जाता आले नाही, मन्स्टरच्या वतीने कॉर्कला पाठवण्यात आले, आणि कॉर्कने अंतिम सामन्यात डब्लिनला ५-११ विरुद्ध ०-६ असे हरवले. हे रिंगचे पहिले अखिल आयर्लंड पदक. मागाहून ऑक्टोबरमध्ये मन्स्टरचा लांबलेला अंतिम सामना खेळवला गेला, तेव्हा टिपेररीने याच कॉर्कला नमवले, त्यामुळे त्या विजयाला किंचित गालबोट लागले. ते पुसून काढण्याची संधी पुढील तीन वर्षांनी दिली. १९४२ मध्ये जॅक लिंचच्या नेतृत्वाखाली कॉर्कने डब्लिनला पुन्हा हरवले. १९४३ मध्ये अंतिम फेरीत पोहोचलेल्या अँट्रिम या अल्स्टरमधील संघाचा त्यांनी ५-१६ विरुद्ध ०-४ असा धुव्वा उडवला.

१९४४ हे वर्ष निर्णायक ठरले, कारण तोपर्यंत कोणत्याही काउंटीने सलग चार अखिल आयर्लंड अजिंक्यपदे मिळवली नव्हती. मन्स्टरच्या अंतिम सामन्यात कॉर्कची गाठ पुन्हा लिमरिकशी पडली. वाहने नसल्यामुळे हजारो प्रेक्षक सायकलींवरून, कित्येक जण पायीही, थर्ल्सला आले, आणि म्हणून हा सामना ‘सायकलींचा अंतिम सामना’ या नावाने ओळखला जाऊ लागला. कॉर्क ६-७ आणि लिमरिक ४-१३, म्हणजे दोघांचेही पंचवीस गुण, अशी बरोबरी झाली आणि त्याच प्रेक्षकांना फेरसामन्यासाठी पुन्हा तीच वाट तुडवावी लागली. फेरसामन्याच्या अखेरच्या टप्प्यात मॅकीने चेंडू गोलमध्ये घातला, परंतु त्याच्यावर झालेल्या फाउलसाठी पंचाने शिटी त्याआधीच वाजवली असल्यामुळे तो गोल धरला गेला नाही आणि मिळालेला मोकळा फटका बाहेर गेला. त्यानंतर काही क्षणांतच रिंगने चेंडू ताब्यात घेतला, तो काठीवर तोलत लांबवर धाव घेतली आणि दुरूनच जोरदार फटका मारून गोल केला. कॉर्क ४-६, लिमरिक ३-६ असा निकाल लागला. मॅकीच्या हातून निसटलेला विजय रिंगने ज्या तंत्राने आपल्याकडे खेचला, ते तंत्र मॅकीचेच होते. एका श्रेष्ठ खेळाडूकडून दुसऱ्याकडे वारसा जाताना इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसतो. त्या वर्षीच्या अंतिम सामन्यात डब्लिनला २-१३ विरुद्ध १-२ असे हरवून कॉर्कने चौथे सलग अजिंक्यपद मिळवले.

एका वर्षाच्या खंडानंतर, १९४६ मध्ये, रिंगला कर्णधारपद मिळाले. अंतिम फेरीत समोर किल्केनी होती. मध्यंतरापूर्वी मैदानाच्या मध्याच्या आसपास चेंडू मिळवून, वाटेत आलेल्या बचावपटूंना चुकवत, चेंडू काठीवरून खाली न पडू देता त्याने केलेला गोल क्रोक पार्कवरील सर्वाधिक वर्णन झालेल्या गोलांपैकी एक आहे. कॉर्कने सामना ७-५ विरुद्ध ३-८ असा जिंकला. पुढच्या वर्षी याच किल्केनीने अंतिम फेरीत त्यांना अवघ्या एका गुणाने हरवले आणि कॉर्कचा एक कालखंड संपला.

टिपेररीशी झुंज

१९४९ ते १९५४ ही सहा वर्षे कॉर्क आणि शेजारच्या टिपेररीतील स्पर्धेची होती. पहिली तीन वर्षे टिपेररीने अखिल आयर्लंड अजिंक्यपद जिंकले, पुढची तीन कॉर्कने, आणि दर वर्षी अजिंक्यपदाचा खरा निर्णय मन्स्टरमध्ये या दोन संघांतच लागला. १९४९ मधील त्यांचा पहिला सामना बरोबरीत सुटला आणि फेरसामना जादा वेळेपर्यंत ताणला गेला. रिंगवर नजर ठेवण्याची जबाबदारी टिपेररीने टॉमी डॉयल या अनुभवी बचावपटूवर सोपवली होती, आणि डॉयलने सुमारे दीडशे मिनिटांच्या त्या साऱ्या खेळात रिंगला एकही गुण मिळू दिला नाही. टिपेररीची ही कामगिरी रिंगच्या चरित्रात महत्त्वाची आहे, कारण जो खेळाडू अजिंक्य वाटू लागला होता त्यालाही अभ्यासाने रोखता येते हे तिने दाखवले, आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी रिंगला आपल्या खेळाची नव्याने मांडणी करावी लागली. १९५० चा मन्स्टर अंतिम सामना किलार्नी येथे झाला. तेथे प्रेक्षक वारंवार मैदानात घुसले आणि खेळ कसाबसा पूर्ण झाला. १९५१ मध्ये कॉर्क दोन गुणांनी हरला, पण त्या पराभवातला रिंगचा खेळ पाहणाऱ्यांच्या मनात विजयाहून अधिक काळ राहिला.

१९५२ मध्ये टिपेररीला कॉर्कच्या चार सलग अजिंक्यपदांच्या विक्रमाशी बरोबरी करण्याची संधी होती. मन्स्टरच्या अंतिम सामन्यात कॉर्कने १-११ विरुद्ध २-६ असा विजय मिळवून तो मार्ग बंद केला आणि पुढे डब्लिनला हरवून अजिंक्यपद पुन्हा आपल्याकडे आणले. या वेळी रिंग एकतीस वर्षांचा होता. बहुतेक हर्लिंगपटू त्या वयात काउंटीचा खेळ सोडण्याच्या विचारात असत. त्याच्या कारकिर्दीचा दुसरा बहर मात्र तेथून सुरू झाला. पूर्वीच्या वेगाची जागा आता अंदाजाने घेतली होती. चेंडू कोठे पडेल हे इतरांच्या आधी ओळखून तेथे उभे राहणे, एका पावलाच्या जागेत फटका मारणे आणि बचावपटूला अखेरच्या क्षणापर्यंत संभ्रमात ठेवणे हे त्याच्या उत्तरकाळातील खेळाचे मर्म होते.

१९५३ मध्ये पुन्हा त्याच्या नेतृत्वाखाली कॉर्कने गॉलवेला ३-३ विरुद्ध ०-८ असे हरवले. हा सामना कडवटपणासाठीही लक्षात राहिला. गॉलवेचा मिक बर्क रिंगला रोखत होता. तो खेळताना जखमी झाला आणि त्यावरून उसळलेला वाद मैदानाबाहेरही पोहोचला. रिंग जिंकण्यासाठी खेळताना कठोर होत असे आणि त्या काळचे हर्लिंगही कठोर होते, हे मान्य केल्याशिवाय त्याचे चित्र पूर्ण होत नाही. १९५४ मध्ये अंतिम फेरीत वेक्सफर्ड हा बऱ्याच वर्षांनी उदयाला आलेला, धिप्पाड आणि लोकप्रिय खेळाडूंचा संघ समोर होता. ८४,८५६ प्रेक्षकांची त्या दिवशीची उपस्थिती हर्लिंगच्या इतिहासातील उच्चांक ठरली. शेवटच्या मिनिटांत जॉनी क्लिफर्डने केलेल्या गोलामुळे कॉर्कने १-९ विरुद्ध १-६ असा सामना जिंकला आणि रिंग आठ अखिल आयर्लंड पदके मिळवणारा पहिला खेळाडू ठरला. तिसऱ्यांदा कर्णधार म्हणून चषक उंचावणारा हा चालक दुसऱ्या दिवशीपासून पुन्हा आपल्या टँकरवर रुजू होणार होता, आणि यात त्याला किंवा त्याच्या चाहत्यांना काही विसंगत वाटत नव्हते.

१९५६ : नवव्या पदकाचा शोध

१९५६ चा हंगाम रिंगच्या कारकिर्दीचे सार सांगतो. मन्स्टरच्या अंतिम सामन्यात लिमरिकच्या बचावफळीने त्याला बराच काळ निष्प्रभ केले होते आणि कॉर्क पराभवाच्या वाटेवर होता. अखेरच्या टप्प्यात त्याने थोड्याच मिनिटांत तीन गोल केले आणि सामना ५-५ विरुद्ध ३-५ असा फिरवला. पस्तीस वर्षांच्या खेळाडूने तासभर दबा धरून बसावे आणि प्रतिस्पर्ध्याच्या एका क्षणाच्या ढिलाईवर झेप घ्यावी, हे शक्य झाले ते वर्षानुवर्षे घोटलेल्या त्याच्या मनगटांमुळे.

त्या वर्षी कॉर्कमध्ये पोलिओची साथ पसरल्यामुळे अखिल आयर्लंड अंतिम सामना नेहमीच्या सप्टेंबरच्या पहिल्या रविवाराऐवजी २३ सप्टेंबरला झाला. वेक्सफर्ड पुन्हा समोर होता. निकी, बॉबी आणि विली हे तीन रॅकार्ड बंधू आणि निक ओ’डॉनेल यांच्यासारख्या खेळाडूंनी या संघाला साऱ्या देशाचे प्रेम मिळवून दिले होते. सामना संपत आला असता, दोन गुणांनी पिछाडीवर असलेल्या कॉर्कच्या रिंगला गोलची संधी मिळाली. त्याने मारलेला फटका गोलमध्ये शिरता तर कॉर्क आघाडीवर आला असता आणि बहुधा नववे पदकही त्याच्या हाती पडले असते. वेक्सफर्डचा ठेंगणा गोलरक्षक आर्ट फोली याने तो चेंडू अडवला, चेंडू तसाच पुढे पोहोचला आणि थोड्याच वेळात निकी रॅकार्डने दुसऱ्या टोकाला गोल करून सामना संपवला. वेक्सफर्ड २-१४, कॉर्क २-८.

अंतिम शिटी होताच बॉबी रॅकार्ड आणि निक ओ’डॉनेल या विजेत्या संघातील खेळाडूंनी पराभूत रिंगला खांद्यावर उचलून मैदानाबाहेर नेले. विजेत्यांनी स्वतःच्या आनंदाआधी प्रतिस्पर्ध्याचा मान ठेवावा, अशी दुसरी घटना हर्लिंगच्या इतिहासात सहजी सापडत नाही. या कृतीत वेक्सफर्डचा उमदेपणा होताच; शिवाय, ज्या माणसाला हरवण्यासाठी आपल्याला सर्वस्व पणाला लावावे लागले त्याच्यामुळेच आपला विजय मोठा झाला, ही जाणीवही तीत होती. आठ विजयी अंतिम सामन्यांपैकी एकाही सामन्याने रिंगला इतका मोठा सन्मान दिला नाही.

कारकिर्दीचा उत्तरार्ध

१९५७ मध्ये टिपेररीविरुद्धच्या सामन्यात रिंगचे मनगट मोडले. हात झोळीत अडकवून, अंगावर कोट टाकून तो मैदानाबाहेर जात असताना गोलच्या बाजूला पांढऱ्या डगल्यात गोलपंच म्हणून उभा असलेला मिक मॅकी आणि तो एकमेकांकडे पाहून हसत काही बोलले. त्या क्षणाचे छायाचित्र आयर्लंडमधील सर्वांत प्रसिद्ध क्रीडाछायाचित्रांत गणले जाते. हर्लिंगमधील दोन युगपुरुष एका चौकटीत आले, म्हणून त्या चित्राला हे मोल आहे.

त्यानंतर रिंगला अखिल आयर्लंड अंतिम सामना पुन्हा खेळायला मिळाला नाही. १९५७ व १९५९ मध्ये वॉटरफर्डने, १९६० व १९६१ मध्ये टिपेररीने मन्स्टरच्या अंतिम फेरीत कॉर्कला हरवले. १९६१ चा सामना पाहण्यासाठी लिमरिकमध्ये साठ हजारांहून अधिक लोक जमले होते, आणि त्यांच्यातील मोठ्या भागाला चाळिशी गाठलेल्या रिंगला पाहायचे होते. संघ जिंकत नसतानाही त्याचा वैयक्तिक खेळ ओसरला नाही. १९५९ मध्ये, अडतीस वर्षांचा असताना, त्याने लीगच्या एका सामन्यात वेक्सफर्डविरुद्ध एकट्याने सहा गोल आणि चार गुण केले. त्याच वर्षी तो वर्षातील सर्वोत्तम हर्लिंगपटू ठरला. ‘रेल्वे कप’ या आंतरप्रांतीय स्पर्धेत, जिचा अंतिम सामना १७ मार्च या संत पॅट्रिकच्या दिवशी क्रोक पार्कवर होई, त्याने १९४२ ते १९६३ या काळात मन्स्टरकडून अठरा पदके मिळवली. पन्नाशीच्या दशकात या स्पर्धेला चाळीस हजारांपेक्षा अधिक गर्दी होई. रिंग खेळायचा थांबल्यानंतर ही गर्दी झपाट्याने ओसरली.

हा उत्तरार्ध देशाच्या दृष्टीने कठीण काळ होता. पन्नाशीच्या दशकात सुमारे चार लाख लोक काम शोधण्यासाठी आयर्लंड सोडून गेले आणि १९६१ च्या जनगणनेत लोकसंख्या २८ लाखांच्या घरात आली, जो प्रजासत्ताकाच्या इतिहासातील नीचांक होता. गावोगावचे क्लब खेळाडूंअभावी मोडकळीस आले, अनेक हर्लिंगपटू लंडन, बर्मिंगहॅम किंवा न्यूयॉर्कला गेले. अशा वेळी तोच माणूस, त्याच वस्तीत राहून, त्याच क्लबाकडून दर रविवारी खेळताना दिसणे यातून लोकांना मिळणारा आधार पदकांच्या हिशेबात बसत नाही. या काळात हर्लिंग लोकांपर्यंत पोहोचत होते ते प्रामुख्याने रेडिओवरून. १९३८ पासून धावते समालोचन करणाऱ्या मिहॉल ओ’हेहिर यांच्या आवाजातून देशभरच्या स्वयंपाकघरांत आणि परदेशी गेलेल्यांच्या खोल्यांत रिंगचा खेळ ऐकला जाई. आयरिश दूरचित्रवाणी १९६१ च्या अखेरच्या दिवशी सुरू झाली आणि १९६२ मध्ये हर्लिंगचा अखिल आयर्लंड अंतिम सामना पहिल्यांदा थेट दाखवला गेला. त्यामुळे रिंगच्या सर्वोत्तम खेळाची चलचित्रे फारच थोडी आहेत. प्रेक्षकांच्या साक्षी, वृत्तपत्रांतील वर्णने आणि विरोधकांची कबुली यांच्या आधारे त्याचे मूल्यमापन करावे लागते, आणि या साक्षींत विरोधी काउंट्यांमधील लोकांचा सूर कॉर्ककरांच्या सुराशी जुळतो, हाच त्यांच्या खरेपणाचा मोठा पुरावा आहे.

१९६३ मध्ये त्याचा काउंटीचा खेळ थांबला. अजिंक्यपद स्पर्धेतील ६४ सामन्यांत ३३ गोल आणि २०८ गुण, मन्स्टरची नऊ अजिंक्यपदे आणि लीगची चार विजेतेपदे एवढे त्याच्या नावावर होते. ग्लेन रोव्हर्सकडून मात्र तो १९६७ पर्यंत, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत खेळला आणि काउंटीची चौदा क्लब अजिंक्यपदे त्याने मिळवली. मोठ्या मैदानावरून उतरलेल्या खेळाडूने वस्तीच्या मैदानावर पुढली चार वर्षे घालवावीत, यात त्याच्या जीवनक्रमाची संगती दिसते. खेळ त्याच्यासाठी कीर्तीपुरता कधीच नव्हता.

निवृत्तीनंतर

१९६४ मध्ये ‘गेल लिन’ या आयरिश भाषेसाठी काम करणाऱ्या संस्थेने लुई मार्कस यांच्या दिग्दर्शनाखाली रिंगवर माहितीपट काढला. त्याने स्वतः कॅमेऱ्यासमोर हर्ली धरण्यापासून चेंडू उचलण्यापर्यंतची कौशल्ये करून दाखवली, आणि पुढील पिढीतील अनेक मुलांनी हे तंत्र त्या चित्रपटातून पाहिले. पुढे तो कॉर्कच्या निवड समितीत आला. १९७६, १९७७ आणि १९७८ ही सलग तीन अजिंक्यपदे कॉर्कने जिंकली, तेव्हा निवड समितीतील त्याचा शब्द आणि सरावाच्या वेळी त्याची उपस्थिती या दोन्हींचा वाटा त्या यशात होता.

२ मार्च १९७९ रोजी कॉर्क शहरात हृदयविकाराच्या झटक्याने त्याचे निधन झाले. त्याचे वय ५८ वर्षांचे होते. अंत्ययात्रेला सुमारे साठ हजार लोक आल्याचा अंदाज आहे. क्लॉइनच्या दफनभूमीत त्याला निरोप देताना जॅक लिंच यांनी भाषण केले. ते त्या वेळी टीशॉक, म्हणजे आयर्लंडचे पंतप्रधान, होते. परंतु त्या दिवशी ते बोलले ते ग्लेन रोव्हर्सच्या जुन्या सहकाऱ्याच्या नात्याने. त्याच वर्षी चौथ्या सलग अजिंक्यपदाच्या वाटेवरील कॉर्कला गॉलवेने उपांत्य फेरीत रोखले.

१९८४ मध्ये संघटनेच्या शताब्दीनिमित्त निवडलेल्या शतकातील सर्वोत्तम संघात आणि २००० मध्ये सहस्रकाच्या संघातही रिंगला स्थान मिळाले. क्लॉइनमध्ये त्याचा पुतळा आहे, कॉर्क शहरातील एक पूल आणि एक मैदान त्याच्या नावाने ओळखले जातात. आठ पदकांचा त्याचा विक्रम टिपेररीच्या जॉन डॉयलने १९६५ मध्ये गाठला आणि किल्केनीच्या हेन्री शेफलिनने पुढे दहा पदके मिळवून तो मागे टाकला. विक्रम मोडण्यासाठीच असतात, आणि केवळ आकड्यांवर उभी असलेली कीर्ती आकड्यांबरोबरच मावळते. रिंगची कीर्ती मावळली नाही, कारण तिचा पाया आकड्यांखाली होता. २००५ मध्ये गेलिक ॲथलेटिक असोसिएशनने ज्या काउंट्यांत हा खेळ अजून रुजायचा आहे त्यांच्यासाठी एक स्वतंत्र स्पर्धा सुरू केली आणि तिला ‘ख्रिस्टी रिंग कप’ असे नाव दिले. ज्या संघांना क्रोक पार्कवरील सर्वोच्च चषक नजीकच्या काळात मिळण्याची शक्यता नाही, तरीही जे हिवाळ्याच्या संध्याकाळी कामावरून येऊन सरावाला उतरतात, त्यांच्या चषकावर रिंगचे नाव असणे सर्वथा उचित आहे. आठ पदके हा त्याच्या वाट्याला आलेला भाग होता, पण रोजच्या सरावाने स्वतःला घडवत राहण्याचा त्याचा मार्ग कोणत्याही काउंटीतील कोणत्याही कष्टकरी मुलाला खुला आहे.